एका खोलीत तीन पाळ्यांची झोप

तालुक्याच्या स्टँडवरून संध्याकाळी सुटलेली शेवटची एसटी आडगावात पोचली की परत फिरत नाही. देवळापाशी नाहीतर शाळेच्या पटांगणाच्या कडेला ती उभी राहते आणि पहाटे पहिली गाडी म्हणून तीच सुटते. तिला मुक्कामाची गाडी म्हणतात. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री झोपतात कुठे? बहुतेक वेळा गाडीतच. बाकांमधल्या जागेत सतरंजी, उशाशी तिकिटांची पेटी. उन्हाळा असला तर टपावर, नाहीतर देवळाच्या ओवरीत. लॉजचं बिल नाही, गावाला पहाटेची गाडी मिळते, आणि दिवसभर माणसं वाहणारं वाहन रात्रीपुरती खोली होतं. खेड्यात वाढलेल्याला यात काहीच विशेष वाटत नाही. पण घरापासून लांब नोकरी करणाऱ्या माणसाला स्वस्तात पाठ कुठे टेकता येईल, या जुन्या प्रश्नाचं सगळं उत्तर त्या उभ्या गाडीत आहे, असं माझं मत आहे.

आपण स्वस्त जागा शोधतो म्हणजे काय करतो? लहान जागा शोधतो. दोनऐवजी एक खोली, खोलीऐवजी कॉट, स्टेशनपासून दहा मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटं. सगळा हिशेब चौरस फुटांचा. आता जरा तासांचा मांडून बघा. आठवड्याचे तास १६८. सोमवारी सकाळी कामावर येऊन शनिवारी घरी परतणारा माणूस पाच रात्री झोपतो असं धरलं, तर त्याला पलंग लागतो चाळीस तास. चौथाईसुद्धा नाही! उरलेले १२८ तास तो पलंग नुसता पडून असतो आणि त्याचं भाडं मात्र चालू असतं. खोली कितीही लहान केली तरी ही गळती थांबत नाही. ती थांबवायची तर पलंग नव्हे, वेळ वाटून घ्यावा लागतो. आणि ही युक्ती आपल्याकडे इतक्या थराला नेली गेली होती की आज तिचा तपशील ऐकताना विश्वास बसत नाही.

कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी काढायला घेतली. दोन वर्षांनी ती चालू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, डिलाइल रोड, वरळी, भायखळा हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. कामगार आले रत्नागिरीतून, साताऱ्यातून, घाटावरून, कोल्हापूरच्या आजरा-चंदगडकडून. बहुतेक एकटे पुरुष. बायका-मुलं गावी, शेत गावी, म्हातारे गावी. मुंबईतला पगार इतका की त्यात एका माणसाचं भागावं आणि काही रुपये मनिऑर्डरीनं घरी जावेत. अख्ख्या कुटुंबानं इथं राहावं असा तो पगारच नव्हता. १९११च्या जनगणनेत शहरातली सत्तर टक्क्यांच्या आसपास माणसं एकखोली बिऱ्हाडात राहत होती.

अशा माणसानं राहायचं कुठे? तर गावाच्या खोलीत. कुणी तिला गाळा म्हणे, कुणी बैठकीची खोली, कुणी मंडळाची खोली. भाडेपावती एखाद्या जुन्या माणसाच्या नावावर असे, पण खोली गावाची. प्रत्येक मेंबर महिन्याला वर्गणी देई. त्यातून भाडं, दिवाबत्ती, झाडलोट भागे आणि जे उरे ते गावच्या देवळाला किंवा शाळेला जाई. भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर. रविवारी बैठक: कुणाची वर्गणी थकली, कोण पिऊन आला, कुणाच्या घरून काय निरोप आहे. भांडणाचा निवाडाही तिथंच.

आता या खोलीत शिरून तिचं माप घेऊ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला चाळी बांधल्या. बीडीडी चाळी त्या याच. एकंदर २०७ इमारती, तळमजला धरून चार मजली, प्रत्येकीत ८० खोल्या, आणि एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. आडवा झालेला माणूस व्यापतो सहा फूट बाय दोन फूट, म्हणजे १२ चौरस फूट. त्या हिशेबानं भिंतीपासून भिंतीपर्यंत जमीन माणसांनी भरून टाकली तर तेरा जण मावतात. पण एका कोपऱ्यात मोरी आहे, एका भिंतीला ट्रंका रचलेल्या आहेत, दाराशी पाय टाकायला जागा हवी. राहिले आठ, फार तर नऊ. मग तीस-पस्तीस मेंबरांच्या खोल्या लोक सांगतात त्या कशा?

भोंग्यामुळे. गिरणी तीन पाळ्यांत चाले. पहिली पाळी सकाळी सातला लागे आणि दुपारी साडेतीनला सुटे, दुसरी साडेतीनपासून मध्यरात्रीपर्यंत, आणि रातपाळी बारापासून सकाळी सातपर्यंत. म्हणजे दिवसाच्या कुठल्याही प्रहरी खोलीतले एक तृतीयांश लोक यंत्रावर उभे. उरलेल्यांतले काही जेवायला गेलेले, काही तालमीत, काही भजनाला, काही नाक्यावर. पहिल्या पाळीचा माणूस पहाटे वळकटी गुंडाळून खुंटीला लावी आणि त्याच जागी थोड्या वेळानं रातपाळीवाला आपली वळकटी सोडी. जमीन सामाईक, अंथरूण मात्र ज्याचं त्याचं. हा बारकावा मला फार आवडतो. दुसऱ्याच्या घामाच्या गोधडीवर झोपायचं नाही, एवढा मान प्रत्येकानं राखलेला असे. म्हणून वळकटी ही त्या खोलीतली सगळ्यात खाजगी वस्तू. दुसरी वस्तू म्हणजे पत्र्याची ट्रंक. तिला कुलूप असे. त्यापलीकडे खाजगी काही नाही.

खोली भरली की माणसं गॅलरीत पसरत, जिन्यात पसरत, फुटपाथवर पसरत. मग पावसाळ्यात काय? गॅलरीत पागोळ्यांचं पाणी, फुटपाथवर चिखल. पण मे महिन्यात लग्नसराईला आणि त्यानंतर पेरणी-लावणीला बरेच मेंबर रजा टाकून गावी गेलेले असत. बाहेरची जागा आखडे त्याच सुमाराला आतली गर्दीही पातळ होई. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. शेतीचं वेळापत्रक आणि गिरणीचं वेळापत्रक एकमेकांत इतकं अडकलं होतं की खोलीचा ताण आपोआप वर-खाली होत असे. खरी परीक्षा रविवारी रात्री. सुट्टी सगळ्यांना, म्हणून सगळे एकदमच हजर.

या व्यवस्थेचं गुणगान करताना रातपाळीवाल्याला विसरू नये. दिवसा झोपायचं, तेही पत्रे तापलेल्या चाळीत, नळावर भांडी आदळत असताना. खोलीत मोठ्यानं बोलायचं नाही, बोलायचं तर गॅलरीत जायचं, हा नियम सगळीकडे असे आणि सगळीकडे मोडला जाई.

झोपेची सोय झाली, जेवणाचं काय? तीस पुरुषांनी एका खोलीत चूल पेटवणं शक्य नव्हतं. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे बहुधा शेजारच्याच चाळीतली बाई, तिच्याच दहा बाय बाराच्या खोलीत, वीस-तीस मेंबरांना दोन्ही वेळ जेवू घालणारी. पैसे महिन्याच्या पगाराला. मधल्या तीस दिवसांचं धान्य, तेल, रॉकेल तिनं वाण्याकडून उधारीवर आणायचं. मेंबर एखाद्या दिवशी जेवला नाही तर त्याचा खाडा मांडायचा आणि महिनाअखेरी तेवढे पैसे वजा करायचे. किती खाडे मान्य आणि किती नाही, यावरून होणारी हुज्जत हा खानावळीतला नित्याचा कार्यक्रम. संप झाला की मेंबर बुडवे नसले तरी पैसे येत नसत आणि वाणी मात्र थांबत नसे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी. सावकाराच्या जागी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. स्वस्त मुक्कामाचं गणित जुळत होतं त्याची तूट कोण भरत होतं, हे इथं दिसतं. शहरात ही बाई, आणि गावी शेत, गुरं नि मुलं सांभाळणारी कामगाराची बायको. दोघींच्या कष्टाचा आकडा कुठल्या भाडेपावतीवर आला नाही.

पण तास वाटून घेणं एवढ्यानं ही खोली चालली नसती. अनोळखी तीस माणसं एका खोलीत कोंबा. आठवड्यात ट्रंका फुटतील. इथं लागतो भरवसा, आणि तो पैशांनी घ्यायचा तर महाग पडतो. आजचं डिपॉझिट, पोलीस पडताळणी, दलाली, ११ महिन्यांचा करार ही सगळी त्या भरवशाची किंमत. गाळ्यात ही किंमत शून्य होती. गावाहून नवा पोरगा ट्रंक घेऊन दारात उभा राहिला की त्याला एकच विचारत, ‘तू कुणाचा?’ बापाचं नाव सांगितलं की झालं डिपॉझिट. त्यानं चोरी केली तर बातमी त्याच्याआधी गावात पोचणार, हे त्यालाही ठाऊक. शिवाय सुरुवातीला तो बदली कामगार असे. रोज गिरणीच्या फाटकावर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर परत. अशा माणसाला दर महिन्याला भाडं भरणं जमणारच नव्हतं. घरमालकानं त्याला उभं केलं नसतं. गावाच्या खोलीनं त्याची थकबाकी वहीत लिहून ठेवली आणि त्याला झोपू दिलं.

नेमकी हीच गोष्ट दक्षिण मुंबईत गोंयकारांनी केली, आणि त्यांनी तिला अधिक शिस्तीचं रूप दिलं. धोबी तलावाच्या नाक्यावरची जेर महल ही इमारत मुंबईकरांनी बाहेरून हजारदा पाहिलेली असते. तिच्या वरच्या मजल्यांवर गोव्यातल्या वेगवेगळ्या गावांच्या कुडी आहेत. लोक त्यांना क्लबही म्हणतात. एका गावाची एक कूड, मेंबर त्या गावचेच. समोर वेदी, गावच्या संताची तसबीर, भिंतीलगत पेट्यांची रांग, रात्री जमिनीवर अंथरुणं. संध्याकाळच्या रोझरीला हजर राहायचं. बायकांना मुक्कामाची मुभा नाही. वर्गणी नाममात्र.

गोंयकारांचं घड्याळ मात्र भोंग्याचं नव्हतं, जहाजाचं होतं. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात नोकऱ्या नव्हत्या; ब्रिटिश आगबोटींवर स्वयंपाकी, स्टुअर्ड, खलाशी म्हणून गोव्याची माणसं मोठ्या संख्येनं जात. त्यांना तारवटी म्हणत. एक फेरी संपून दुसरं जहाज मिळेपर्यंत आठवडे, कधी महिने मुंबईत काढायचे. खिशातले पैसे संपत आलेले, पुढचं जहाज कधी ते माहीत नाही. हॉटेलात राहिला असता तर मिळवलेलं सगळं तिथंच गेलं असतं. कुडीत त्याची पेटी तो समुद्रावर असतानाही जागेवर राही. त्याच्या जागेवर दुसरा झोपे. तो परतला की तिसरा जहाजावर गेलेला असे. गिरणीवाल्यांनी आठ तासांचे तुकडे पाडले, तारवट्यांनी आठ महिन्यांचे. हिशेब तोच.

आणि या दोन्हींपेक्षा वरच्या थरात हीच पद्धत दिसते तेव्हा आपण हसतो. अधिवेशनासाठी मुंबईत येणाऱ्या आमदाराला आमदार निवासात खोली मिळते. त्या खोलीत आमदार क्वचित आणि मतदारसंघातले लोक कायम. कुणी टाटा रुग्णालयात पेशंट घेऊन आलेला, कुणी मंत्रालयात फाईल शोधत आलेला. सरकारनं दिलेला गाळाच तो. रेल्वेची रनिंग रूमही याच जातीची: गाडी घेऊन लांबच्या स्टेशनात पोचलेला ड्रायव्हर तिथल्या पलंगावर झोपतो, तो उठून आपल्या गाडीवर गेला की तोच पलंग पुढच्याला.

जगात हा प्रश्न वास्तुविशारदांनीही हाती घेतला. किशो कुरोकावा यांनी १९७२ साली टोकियोच्या गिंझा भागात नाकागिन कॅप्सूल टॉवर उभारला. दोन मनोऱ्यांना टांगलेल्या १४० कॅप्सूल, प्रत्येकीत गोल खिडकी, पलंग, घडीचं टेबल, विमानातल्यासारखं न्हाणीघर. जागा सुमारे १० चौरस मीटर, म्हणजे १०८ चौरस फुटांच्या आसपास. लांबच्या उपनगरात घर असलेल्या नोकरदारानं आठवड्यात इथं राहावं, ही कल्पना. दर पंचवीस वर्षांनी कॅप्सूल बदलायच्या होत्या. एकही बदलली गेली नाही, आणि २०२२ साली तो मनोरा उतरवला. दिसायला तो अद्भुत होता, यात वाद नाही. पण माझ्या मते त्यानं फक्त चौरस फूट कापले, तास नाही. एक माणूस, एक कॅप्सूल, आणि शनिवार-रविवारी ती रिकामी. कुरोकावांचंच पुढचं काम त्या बाबतीत जास्त शहाणं: १९७९ सालचं ओसाकाचं कॅप्सूल हॉटेल. तिथं माणूस रात्रीपुरता कप्पा घेतो, सकाळी उठतो, संध्याकाळी त्यात दुसरा असतो. ही कल्पना फिरत फिरत २०२१ साली मुंबई सेंट्रल स्टेशनात पोचली. तिथल्या पॉड हॉटेलात बारा तासांचा दर वेगळा, चोवीस तासांचा वेगळा. लालबागच्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

मग गाळे संपले का? १८ जानेवारी १९८२ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. भोंगा बंद झाला, पाळ्या गेल्या, बरेच मेंबर गावी परतले. खोल्या मात्र टिकल्या. कारण कायदा. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं मुंबईतली जुनी भाडी गोठवली होती. ज्या भाड्यात आज एक वेळचा नाश्ता येणार नाही त्या भाड्यात मंडळानं खोली धरून ठेवली. तिथं आज गावचा पोरगा पोलीस भरतीला येऊन उतरतो, कुणी केईएममध्ये आईला दाखवायला आणतो, कुणी मॉलमध्ये नाहीतर सिक्युरिटीत लागतो. वर्गणीची वही चालू आहे.

ज्याच्यामागे गावची खोली नाही त्यानं काय करावं? त्याच्या वाट्याला विजेच्या खांबावरची ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’ ही चिठ्ठी. पण चिठ्ठीवरच्या नंबराला फोन करण्याआधी आपले तास मोजावेत. भाडं महिन्याचं, करार ११ महिन्यांचा, आणि गरज रात्रीची. महागाई या तफावतीत आहे. ऑफिसात तीनच दिवस जावं लागत असेल तर उरलेले दिवस येणारा जोडीदार हुडकावा आणि एक कॉट दोघांत घ्यावी. एकाची सोम ते बुध, दुसऱ्याची गुरू-शुक्र. घरमालकाला आधी सांगून, करारात दोघांची नावं घालून. एक जण रात्रपाळीच्या कॉल सेंटरवर आणि दुसरा दिवसाच्या बँकेत असेल तर गिरणीचंच गणित जुळलं. महिन्यातून चार-पाच रात्रींचीच गरज असेल तर खोली भाड्यानं घेणं हा शुद्ध तोटा. स्टेशनवरची डॉरमिटरी किंवा आपल्या ज्ञातीची, तालुक्याची धर्मशाळा पुरते. आणि अंथरूण आपलं असावं.

बायकांसाठी हा मार्ग नेहमीच अरुंद राहिला. गाळा पुरुषांचा, कूड पुरुषांची. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांसाठी केंद्र सरकारनं योजना आणली तीच १९७२-७३मध्ये, आणि या वसतिगृहांतल्या जागा गरजेच्या मानानं आजही थोड्या. गावाच्या ओळखीवर मुलीला खोलीत ठेवून घेणारं मंडळ सापडणं अवघड. उलट त्याच ओळखीचा काच तिला जास्त: कुठं गेली, कधी आली, याची बातमी गावात आधी पोचते. पुरुषांना स्वस्तात मिळालेला भरवसा तिच्यासाठी पाळत होऊन बसतो.

आता बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचा फ्लॅट. कुटुंबानं राहणाऱ्यांसाठी हे सुखच. गावाच्या खोलीचं काय, हा पेच मात्र वकिलांनाही जड जातो. फ्लॅट मिळणार पावतीवरच्या एका नावाला. पावतीवरचा माणूस कधीच वारला, त्याचे वारस हक्क सांगतात, आणि मंडळाकडे पुरावा म्हणून काय, तर शंभरेक मेंबरांच्या वर्गणीच्या वह्या. काही ठिकाणी गावानं समजुतीनं घेतलंय, काही ठिकाणी कोर्टाच्या तारखा चालू आहेत. ज्या मंडळांना फ्लॅट मिळेल त्यांच्यासमोरचं गणित सोपं आहे. ५०० चौरस फुटांत बारा-बारा चौरस फुटांच्या एकेचाळीस जागा बसतात. तीन पाळ्या धरल्या तर सव्वाशेच्या घरात माणसं. सोसायटीच्या गेटवर मात्र रात्री मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं नाव, गाव आणि फ्लॅट नंबर रजिस्टरमध्ये लिहावा लागतो.